जुन्या आर्केड बोर्डाला जुळणारा एलसीडी मॉनिटर कसा ओळखावा

आपल्याकडच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये ज्या खेळाला सगळे ‘मुस्तफा’ म्हणत, त्याचे खरे नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. जपानच्या कॅपकॉम कंपनीने तो १९९३ मध्ये काढला आणि त्यातल्या मुस्तफा नावाच्या पात्रावरून आपल्याकडे त्या खेळालाच ते नाव पडले. अशा खेळाचा मूळ आर्केड बोर्ड, म्हणजे पार्लरच्या यंत्रातले खेळ चालवणारे सर्किट, आज एखाद्या हौशी माणसाच्या हाती लागला, तर तो अनेकदा अजूनही चालतो. थकलेली असते ती त्याच्यासोबतची काचेची पिक्चर ट्यूब. तशी नवी ट्यूब आता बनत नाही, दुरुस्त करणारे कारागीर कमी होत चालले आहेत, आणि म्हणून ट्यूब काढून तिथे एलसीडी मॉनिटर बसवावा हा विचार साहजिकच मनात येतो.

तो विचार अमलात आणताना बहुतेकांचा अनुभव सारखाच असतो. बोर्डातून लाल, हिरवा आणि निळा अशा तीन रंगांच्या तारा येतात, मॉनिटरच्या व्हीजीए सॉकेटमध्येही लाल, हिरवा आणि निळा यांसाठीच पिना असतात, त्यामुळे तारा जोडल्या की चित्र यायला हवे असे वाटते. प्रत्यक्षात पडदा क्षणभर उजळतो, ‘आउट ऑफ रेंज’ अशी पाटी दिसते आणि मॉनिटर झोपी जातो. बोर्ड बिघडलेला नसतो आणि मॉनिटरही बिघडलेला नसतो. तारा जुळल्या तरी आकडे जुळलेले नसतात. हे आकडे कोणते आणि ते कुठे पाहायचे, एवढे नीट समजले तर मॉनिटरच्या शोधातला अर्धा खर्च आणि बरीचशी निराशा टळते, असे माझे ठाम मत आहे.

रेषांचा हिशेब

पिक्चर ट्यूबवरचे चित्र एका वेळी एक आडवी रेषा याप्रमाणे वरून खाली काढले जाते. एका सेकंदात अशा किती रेषा काढल्या जातात, या संख्येला आडवी वारंवारिता म्हणतात आणि ती किलोहर्ट्झमध्ये मोजतात. एका सेकंदात पूर्ण चित्र किती वेळा काढले जाते, ती झाली उभी वारंवारिता. ती हर्ट्झमध्ये मोजतात. एका चित्रातल्या एकूण रेषांना उभ्या वारंवारितेने गुणले की आडवी वारंवारिता मिळते. मुस्तफाचा बोर्ड एका चित्रासाठी २६२ रेषा वापरतो, त्यांतल्या २२४ रेषा पडद्यावर दिसतात आणि उरलेल्या रेषांच्या वेळेत ट्यूबमधला किरण खालून पुन्हा वर जातो. असे चित्र तो सेकंदाला सुमारे ५९.६४ वेळा काढतो. गुणाकार केला की १५,६२५ हा आकडा येतो, म्हणजे साधारण १५.६ किलोहर्ट्झ.

हा आकडा आपल्या परिचयाचा आहे. भारतातली जुनी दूरचित्रवाणी पाल पद्धतीवर चालत असे, तीत एका पूर्ण चित्राला ६२५ रेषा आणि सेकंदाला २५ पूर्ण चित्रे असत, आणि त्यांचा गुणाकार नेमका १५,६२५ होतो. म्हणजे रेषा काढण्याच्या वेगात हा बोर्ड आणि घरातला जुना टीव्ही एकमेकांच्या बरोबरीने चालतात. फरक आहे तो उभ्या वारंवारितेत, कारण आपला टीव्ही ५० हर्ट्झचा होता (त्याचे प्रत्येक पूर्ण चित्र दोन अर्ध्या भागांत काढले जाई) आणि बोर्ड ६० च्या जवळपास आहे.

संगणकाच्या मॉनिटरने मात्र निराळी वाट धरली. आयबीएमने १९८७ मध्ये व्हीजीए आणले, तेव्हा एका चित्रात ५२५ रेषा आणि सेकंदाला सुमारे ६० चित्रे असा हिशेब ठरला आणि आडवी वारंवारिता ३१.५ किलोहर्ट्झच्या आसपास, म्हणजे आर्केडच्या दुप्पट झाली. पुढे १०२४ × ७६८ चे चित्र ४८ किलोहर्ट्झला गेले, १२८० × १०२४ चे ६४ ला. मॉनिटर बनवणाऱ्यांच्या दृष्टीने ३० किलोहर्ट्झच्या खाली कोणी येणारच नव्हते, म्हणून बहुतेक एलसीडी मॉनिटरच्या माहितीपत्रकात आडवी वारंवारिता ३० ते ८० किलोहर्ट्झच्या आसपास लिहिलेली आढळते. पंधरा किलोहर्ट्झचा बोर्ड त्या दाराबाहेरच राहतो.

आर्केडचे सगळेच बोर्ड मात्र पंधराचे नाहीत. १९८० आणि १९९० च्या दशकांतले बहुसंख्य खेळ १५ ते १६ किलोहर्ट्झचे आहेत. काही खेळ मधल्या गटात, २४ ते २५ किलोहर्ट्झला पडतात: अटारीचा ‘पेपरबॉय’ आणि सेगाच्या मॉडेल २ बोर्डावरचा ‘डेटोना यूएसए’ ही त्यांची ओळखीची उदाहरणे. तिसरा गट ३१ किलोहर्ट्झचा. १९९८ चा सेगाचा नाओमी बोर्ड या गटात येतो. तो ६४० × ४८० चे व्हीजीए चित्र देतो, त्याच्यावरच व्हीजीए सॉकेट असते, आणि एका छोट्या स्विचने तो ३१ किंवा १५ किलोहर्ट्झवर ठेवता येतो. नाओमी ज्यांच्याकडे आहे त्यांनी स्विच ३१ वर आहे ना एवढे पाहावे आणि कोणताही व्हीजीए असलेला मॉनिटर लावावा. त्यांच्यापुरता प्रश्न इथेच सुटतो. सर्वांत अवघड असतो तो मधला गट, कारण टीव्हीला तो परका वाटतो आणि मॉनिटरलाही.

आर्केडच्या बाजारात या तीन गटांना सीजीए, ईजीए आणि व्हीजीए अशी नावे रूढ झाली आहेत आणि विक्रेत्यांच्या पानांवर तीच लिहिलेली असतात. ही नावे संगणकाकडून उसनी आली आणि येताना त्यांचा अर्थ बदलला. आयबीएमचे मूळ सीजीए खरोखर पंधरा किलोहर्ट्झचे होते, पण त्याचे रंग ‘आहे’ किंवा ‘नाही’ अशा डिजिटल स्वरूपात येत. आर्केड बोर्डाचे रंग कमी-जास्त होणाऱ्या व्होल्टेजचे, म्हणजे अ‍ॅनालॉग असतात. आयबीएमचे ईजीए तर २१.८ किलोहर्ट्झपर्यंतच जात असे. म्हणून ‘सीजीए चालते’ एवढ्या वाक्यावर पैसे देऊ नयेत. १५ किलोहर्ट्झचे अ‍ॅनालॉग आरजीबी (लाल, हिरवा, निळा) चालते का, असा पूर्ण प्रश्न विचारावा.

एलसीडी नकार का देतो

पिक्चर ट्यूब स्वभावाने सहनशील असते. किरण डावीकडून उजवीकडे सरकतो, रेषा किंवा चित्र संपल्याचे सांगणारा सिंकचा इशारा मिळाला की परत फिरतो, आणि इशारा थोडा आधी किंवा थोडा उशिरा आला तरी चित्र थोडे अरुंद किंवा थोडे रुंद होण्यापलीकडे फारसे बिघडत नाही. एलसीडीचा पडदा ठरावीक चौकटींचा बनलेला असतो. त्याच्या आतल्या नियंत्रक चिपला येणारी प्रत्येक रेषा ठरावीक संख्येने तुकडे करून मोजावी लागते, प्रत्येक तुकड्याचे आकड्यात रूपांतर करावे लागते, आणि मग ते आकडे पडद्याच्या चौकटींवर पसरवावे लागतात. आलेले चित्र कोणत्या प्रकारचे आहे हे ठरवण्यासाठी ती आपल्या स्मृतीतला तक्ता पाहते, आणि त्या तक्त्यात पंधरा किलोहर्ट्झची नोंदच नसेल तर चित्र नाकारते.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी की अनेकदा चिपची क्षमता असते, नसते ती तक्त्यातली नोंद. त्यामुळेच काही थोडे एलसीडी मॉनिटर व्हीजीए सॉकेटमधून पंधरा किलोहर्ट्झचे चित्र मुकाट्याने स्वीकारतात. हा शोध प्रामुख्याने अमिगा आणि अटारी एसटी या जुन्या संगणकांच्या हौशी मंडळींनी लावला, कारण त्यांचीही गरज तीच होती. बेनक्यूचे बीएल७०२ए आणि बीएल९१२, तसेच एनईसीचा एलसीडी१९७०एनएक्स ही नावे त्या मंडळींमध्ये वर्षानुवर्षे विश्वासाने घेतली जातात. अर्थात एकाच नावाचा मॉनिटर वेगवेगळ्या काळात वेगळ्या अंतर्भागासह विकला गेलेला असू शकतो, म्हणून नाव हा फक्त आरंभ समजावा आणि खरी परीक्षा बोर्ड लावूनच करावी.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत वापरलेला मॉनिटर घ्यायला जाणार असाल, तर माझा सल्ला असा की बोर्ड, त्याचा पॉवर सप्लाय आणि त्याच्या कडेला जोडायचा तारांचा जुडगा, म्हणजे हार्नेस, एका पेटीत बसवून सोबत न्यावा. दुकानदार मॉनिटर संगणकाला लावून दाखवतो आणि चित्र उत्तम दिसते. त्यातून मॉनिटर चालू आहे एवढेच कळते, पंधरा किलोहर्ट्झबद्दल काहीच कळत नाही. हार्नेसची कडा उलटी घातली तर पाच व्होल्टच्या जागी भलताच दाब जाऊन बोर्ड कायमचा निकामी होतो, म्हणून अनोळखी टेबलावर घाई करू नये.

सॉकेटचाही विचार करावा लागतो. डेल, लेनोवो, सॅमसंग, एलजी यांच्यासह इंटेल आणि एएमडी यांनी २०१० च्या डिसेंबरातच व्हीजीए टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे जाहीर केले होते, आणि आज दुकानातल्या नव्या मॉनिटरवर ते सॉकेट शोधावे लागते. एचडीएमआय सॉकेटमध्ये अ‍ॅनालॉग रंग घेण्याची सोयच नसते, त्यामुळे फक्त एचडीएमआय असलेला मॉनिटर थेट जोडणीसाठी बाद ठरतो. त्याला मध्यस्थ लागतो. त्याच्याविषयी पुढे सांगतो.

टीव्हीची वाट आणि तिच्यातला खड्डा

टीव्ही मुळातच पंधरा किलोहर्ट्झचा, तर मग एलसीडी टीव्हीच का घेऊ नये, हा प्रश्न रास्त आहे. युरोपात राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी हा मार्ग खरोखर सोपा आहे, कारण तिथल्या टीव्हीवर स्कार्ट नावाचे २१ पिनांचे सॉकेट वर्षानुवर्षे दिले जात असे. फ्रान्समध्ये तर १९८० च्या दशकाच्या आरंभी ते सक्तीचेच झाले होते. स्कार्टमधून पंधरा किलोहर्ट्झचे आरजीबी सरळ आत जाते. भारतातल्या टीव्हीवर स्कार्ट रुळले नाही. आपल्याकडे काही काळ हिरवे, निळे आणि लाल अशी तीन भोके असलेले कंपोनंट सॉकेट मिळत असे, पण त्या भोकांच्या रंगांवर जाऊ नये. हिरव्या भोकात हिरवा रंग जात नाही. तिथे उजेडाची एकूण पातळी जाते, आणि उरलेल्या दोन भोकांत रंगांचे फरक जातात. आरजीबीच्या तारा तिथे सरळ लावल्या तर हिरवट-गुलाबी, विद्रूप चित्र येते. मध्ये आरजीबीचे कंपोनंटमध्ये रूपांतर करणारे छोटे सर्किट बसवावे लागते.

ते बसवल्यावरही एक खोल अडचण उरते. टीव्हीचे चित्र आंतरपंक्ती पद्धतीचे असते: आधी विषम रेषा, मग सम रेषा, आणि दोन्ही मिळून एक पूर्ण चित्र. आर्केड बोर्ड तसे करत नाही. तो दर वेळी त्याच जागी त्याच सुमारे २४० रेषा काढतो, सेकंदाला ६० वेळा, आणि दोन रेषांमधली जागा काळीच ठेवतो. एलसीडी टीव्हीच्या चिपला हा फरक अनेकदा कळत नाही. ती दोन स्वतंत्र चित्रांना एकाच चित्राचे विषम आणि सम भाग समजते आणि त्यांना एकमेकांत विणते. त्यामुळे हलणाऱ्या वस्तूंच्या कडा दातेरी होतात. खेळात सावली दाखवण्यासाठी एका चित्रात ती काढायची आणि पुढच्यात गाळायची अशी युक्ती सर्रास वापरलेली असते. ट्यूबवर ती सावली अर्धपारदर्शक दिसे, पण अशा टीव्हीवर तिच्या पट्ट्या होतात किंवा ती नाहीशी होते. या विणकामासाठी टीव्ही मागचे चित्र साठवून ठेवतो, त्यात वेळ जातो. एका चित्राचा काळ १६.७ मिलिसेकंद असतो, दोन चित्रे साठवली तर बटण दाबल्यापासून ठोसा दिसेपर्यंत ३३ मिलिसेकंदांची भर पडते. हाणामारीच्या खेळात ती बोटांना जाणवते. काही टीव्ही तर कंपोनंटमधून २४० रेषांचे चित्र घेतच नाहीत आणि पडदा कोरा ठेवतात.

उभ्या वारंवारितेकडे दुर्लक्ष होते

आडवी वारंवारिता जुळली की काम झाले असे समजून पुष्कळ जण थांबतात, आणि मग चित्र अधूनमधून का अडखळते हे त्यांना समजत नाही. आर्केड बोर्ड बनवणाऱ्यांनी नेमक्या ६० हर्ट्झचे बंधन कधीच पाळले नाही. ट्यूब त्यांचीच, कॅबिनेट त्यांचेच, मग पाळावे तरी कशाला? पॅकमॅन ६०.६ हर्ट्झवर चालतो. मुस्तफा आणि स्ट्रीट फायटर २ सुमारे ५९.६४ वर. आपल्या पार्लरांत ज्या खेळाभोवती गर्दी असे तो ‘किंग ऑफ फायटर्स ९७’ एसएनकेच्या निओ जिओ बोर्डावरचा, आणि तो ५९.१९ वर. आर-टाइप ५५ वर आणि मॉर्टल कॉम्बॅट ५४.७ वर.

मॉनिटर किंवा मध्यस्थ बोर्ड ६० वर अडून बसला, तर फरकाचा हिशेब कुठेतरी चुकता करावा लागतो. निओ जिओच्या बाबतीत दर सेकंदाला ०.८१ चित्र कमी पडते, म्हणजे साधारण सव्वा सेकंदाला एक चित्र दोनदा दाखवावे लागते. मुस्तफात ही वेळ पावणेतीन सेकंदांनी येते. मॉर्टल कॉम्बॅटमध्ये मात्र सेकंदाला पाचाहून अधिक वेळा, आणि तिथे सरकणारी पार्श्वभूमी सतत धक्के खात राहते. उलट, आलेल्या वारंवारितेलाच पडदा चालवणारा मॉनिटर मिळाला तर हालचाल ट्यूबसारखी सलग दिसते. बहुतेक संगणक मॉनिटरची उभी वारंवारिता ५६ ते ७५ किंवा ७६ हर्ट्झ अशी लिहिलेली असते, त्यामुळे पॅकमॅन, मुस्तफा आणि किंग ऑफ फायटर्स त्यात आरामात बसतात, आर-टाइप आणि मॉर्टल कॉम्बॅट मात्र खालच्या मर्यादेबाहेर पडतात. कागदावर ५० हर्ट्झपासून आरंभ होणारा मॉनिटर दिसला, तर या खेळांसाठी त्याला पहिली पसंती द्यावी.

सिंक आणि व्होल्टेज

१९८५ पासून जपानी उत्पादकांनी जामा नावाची समान जोडणी स्वीकारली. ५६ संपर्कांच्या त्या कडेवर लाल, हिरवा, निळा, सिंक आणि चित्राची जमीन (ग्राउंड) असे पाच संपर्क चित्रासाठी असतात. सिंकची तार एकच आहे हे ध्यानात ठेवावे: रेषा संपल्याचा आणि चित्र संपल्याचा, असे दोन्ही इशारे तिच्यातून एकत्र येतात. संगणकाचे व्हीजीए हे दोन इशारे दोन वेगळ्या पिनांवर, १३ आणि १४ वर मागते. पंधरा किलोहर्ट्झ घेणाऱ्या काही मॉनिटरना एकत्र सिंक १३ व्या पिनेवर दिली तरी चालते. ज्यांना चालत नाही त्यांच्यासाठी एलएम१८८१ सारख्या सिंक वेगळे करणाऱ्या चिपचे छोटे सर्किट मध्ये घालावे लागते. जामापूर्वीच्या काही बोर्डांवर उलट परिस्थिती असते, इशारे आधीच वेगळे असतात आणि टीव्हीसाठी ते एकत्र करावे लागतात.

रंगांच्या तारांचा दाब हा विषय मात्र मॉनिटरच्या आयुष्याशी निगडित आहे. टीव्ही आणि मॉनिटर ७५ ओहमच्या भारावर जास्तीत जास्त ०.७ व्होल्टची अपेक्षा करतात. आर्केड बोर्ड आपल्या ट्यूबसाठी बनलेला असल्याने तीन व्होल्ट किंवा त्याहून अधिक देऊ शकतो. तसाच जोडला तर उजळ रंग सगळे पांढरे होऊन वितळतात आणि पुढच्या यंत्राच्या प्रवेशद्वारावर विनाकारण ताण येतो. तारेत एक रोधक (रेझिस्टर) बसवला की दाब उतरतो. तीन व्होल्टचे ०.७ करायचे असेल, तर साध्या गणिताने सुमारे २५० ओहमचा रोधक येतो, पण प्रत्येक बोर्ड थोडा निराळा असल्याने तिन्ही रंगांसाठी फिरवून कमी-जास्त करता येणारे रोधक बसवणे अधिक शहाणपणाचे. सिंक पाच व्होल्टपर्यंत असते. मॉनिटरच्या व्हीजीए सॉकेटला तेवढीच हवी असते, म्हणून ती तशीच जाऊ द्यावी. तीच सिंक स्कार्टसारख्या ७५ ओहमच्या सॉकेटला द्यायची असेल, तर ४७० ओहमचा रोधक घातला की ती ०.७ व्होल्टच्या आसपास येते. जमिनीची तार विसरू नये. ती सुटली तर चित्र येते, पण थरथरते, आणि दोष भलतीकडेच शोधला जातो.

मध्यस्थ

थेट जुळणारा मॉनिटर मिळाला नाही, आणि बहुतेकांना तो मिळत नाही, तर मध्ये रूपांतर करणारा बोर्ड बसवावा लागतो. सगळ्यांत स्वस्त आणि सगळीकडे पोचलेला म्हणजे जीबीएस-८२००. तो १५, २४ आणि ३१ किलोहर्ट्झ, तिन्ही गट घेतो, एकत्र सिंकही घेतो, त्याच्यावर रंगांचे दाब कमी-जास्त करण्याचे स्क्रू असतात, आणि बाहेर व्हीजीए देतो. मधल्या गटाच्या खेळांसाठी तर तो अनेकांचा आधार आहे. मात्र मूळ स्थितीत तो २४० रेषांच्या चित्राला आंतरपंक्ती समजण्याची तीच चूक करतो जी टीव्ही करतात, आणि विलंबही वाढवतो. हौशी अभियंत्यांनी त्याच्यासाठी जीबीएस-कंट्रोल नावाची मुक्त आज्ञावली लिहिली आहे. एका लहान वायफाय चिपच्या मदतीने ती या बोर्डाचा ताबा घेते, आंतरपंक्तीची गफलत दूर करते आणि बाहेर जाणारी उभी वारंवारिता आत येणारीशी जुळवते. सोल्डरिंगची सवय असलेल्या माणसासाठी खर्चाच्या मानाने याहून चांगला उपाय मला माहीत नाही.

ओएसएससी या मुक्त रचनेच्या यंत्राची पद्धत निराळी आहे. तो पूर्ण चित्र साठवतच नाही. एक रेषा आली की तीच दोनदा, तीनदा, चारदा किंवा पाचदा पुढे पाठवतो, म्हणून विलंब जवळजवळ शून्य राहतो. मधल्या गटातल्या ३८४ रेषांच्या चित्रासाठीही त्यात सोय आहे. पण जी वारंवारिता आत येते तीच बाहेर जात असल्याने शेवटी मॉनिटरची सहनशक्तीच कसोटीला लागते: ५४.७ हर्ट्झ आत आले तर ५४.७ च बाहेर जाणार, आणि ते घ्यायचे की नाही हे मॉनिटर ठरवणार. रेट्रोटिंक ५एक्स हे २०२१ मध्ये आलेले यंत्र चित्र साठवण्याची क्षमता बाळगते, त्यामुळे नव्या टीव्हीशी त्याचे अधिक सहज जमते, पण किंमतही त्या मानाने अधिक आहे.

पडद्याचा आकार

मध्यस्थ घेतला की मॉनिटर निवडण्याचे स्वातंत्र्य वाढते आणि मग पडद्याच्या रेषांचे गणित महत्त्वाचे होते. बोर्डाची एक रेषा पडद्याच्या पूर्ण संख्येच्या रेषांवर पसरली, तर कडा स्वच्छ राहतात. साडेचार रेषांवर पसरवायची वेळ आली, तर काही ओळी जाड आणि काही बारीक दिसतात किंवा सगळे थोडे धूसर होते. आजच्या १०८० रेषांच्या पडद्यावर २४० रेषा नेमक्या साडेचार पट होतात, हे दुर्दैव. उलट २० इंचांचे १६०० × १२०० चे जुने चौकोनी मॉनिटर, उदाहरणार्थ डेलचा २००७एफपी, बरोबर पाच पट देतात, त्यांचा आकारही आर्केडच्या ट्यूबसारखा ४:३ आहे, आणि ओएसएससीची पाच पटींची रीत त्यांच्यावर चपखल बसते. १२८० × १०२४ चे मॉनिटर स्वस्त आणि विपुल आहेत, पण त्यांचा आकार ५:४ असल्याने वर-खाली काळी पट्टी ठेवावी लागते किंवा चित्र किंचित उभट स्वीकारावे लागते. कॅबिनेटच्या चौकटीत ही पट्टी झाकली जाते, त्यामुळे मी तिला मोठा दोष मानत नाही.

पॅकमॅनसारख्या उभ्या खेळांसाठी मॉनिटर ९० अंशांत फिरवून बसवतात. टीएन या एलसीडीच्या स्वस्त प्रकारचा पडदा एका बाजूने पाहिला की काळवंडतो, आणि तो फिरवला की नेमकी तीच बाजू खेळणाऱ्याच्या डोळ्यासमोर येऊ शकते. दोन जण शेजारी उभे राहून खेळत असतील तर एकाला चांगले आणि दुसऱ्याला फिके चित्र दिसते. उभ्या कॅबिनेटसाठी आयपीएस, म्हणजे बाजूने पाहिले तरी रंग टिकवणारा, पडदाच घ्यावा.

काही बोर्ड या सगळ्या हिशेबाच्या बाहेर राहतात. १९७९ चा ‘अ‍ॅस्टेरॉइड्स’ आणि १९८१ चा ‘टेम्पेस्ट’ यांच्या ट्यूबवर रेषांची जाळी नव्हतीच, किरण थेट आकृती काढत फिरत असे, त्यामुळे वर सांगितलेला कोणताही मध्यस्थ त्यांना उपयोगी पडत नाही. निन्टेंडोच्या १९८१ च्या ‘डाँकी काँग’ चे रंग उलट्या दाबाने येतात, आणि साध्या मॉनिटरवर ते छायाचित्राच्या निगेटिव्हसारखे दिसतात. त्याला रंग उलटवणारे एक छोटे सर्किट पुरते.

जुनी ट्यूब कॅबिनेटमधून काढताना तिच्या काचेवरच्या रबरी टोपीखाली वीस हजार व्होल्टच्या घरातला भार यंत्र बंद केल्यानंतरही साठलेला असू शकतो. ते काम ज्याने पूर्वी केले आहे त्याच्याच हातून करून घ्यावे, आणि ट्यूब चालती असेल तर ती फेकू नये, कारण तिच्या शोधात कोणीतरी आहेच.

नवा मॉनिटर बसवल्यावर खेळ सुरू करण्याआधी बोर्डाचा चाचणी पडदा उघडावा. कॅपकॉमच्या आणि निओ जिओच्या बोर्डांत रंगांच्या पट्ट्या आणि जाळीचे चित्र दाखवणारी सोय असते. जाळीच्या चारही कडा दिसेपर्यंत चित्राची जागा आणि रुंदी जुळवावी. मग रंगांच्या पट्ट्यांकडे पाहून तिन्ही रोधक हळूहळू फिरवावेत, जोपर्यंत सर्वांत उजळ दोन पायऱ्या एकमेकींपासून वेगळ्या दिसतात तोपर्यंतच उजेड वाढवावा, आणि त्या मिसळू लागल्या की किंचित मागे येऊन थांबावे.